शिवपुत्रचा नंबर

बेंबळी
२ डिसेंबर २०२५

चि. रंजू,

सडा टाकून झाला होता. म्हशीची धार काढून झाली होती. मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते आणि तुझे काका उंबऱ्यावर बसून तुटलेल्या चपलेचा अंगठा सुतळीनं शिवत होते. सुई बोटात गेली तशी म्हणाले, "नवी घेतली असती तर बरं झालं असतं." मी म्हणाले, "मागच्या बाजारी सांगत हुते की." त्यांनी बोट चोखलं, दोन भाकरी आणि तव्यावरचा ठेचा खाल्ला, आणि वैरण आणायला म्हणून शेतात गेले. मी भांडी घासली, हरभऱ्याची डाळ वाळत घातली, उरलेलं पीठ चाळून ठेवलं. अकराच्या सुमाराला धूर दिसला.

शिवपुत्र भावजींच्या उसाला आग लागली होती. वारा आमच्या बाजूला होता. आग बांध ओलांडून आली, आमचा गहू घेतला आणि गोठ्याला लागली. तुझे काका म्हैस सोडायला आत गेले. म्हैस बाहेर आली. ते तिसऱ्या दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात वारले. पंचनाम्यात लिहिलंय की वरच्या तारा घासल्या आणि ठिणगी पडली.

तू विचारलंस की मावशी, तुला ह्या सवयी कधीपासून लागल्या. त्या दिवसापासून लागल्या.

आता काय काय करते ते सांगते, तुला लिहून घ्यायचंय म्हणून. अंघोळीचं पाणी बादलीत धरते आणि बांधावरच्या चौदा रोपांना घालते, रोज. कडुलिंब आठ, करंज सहा. ऊस तुटला की मागं राहिलेलं पाचट जाळत नाही, सरीत पसरते. वाळका पालासुद्धा पेटवत नाही, खड्ड्यात टाकते. मोटार आपोआप चालू व्हायचं बटण काढून टाकलंय. लाईट आली की स्वतः जाते, भिजलं की बंद करते. डाळ-भात उन्हाच्या पेटीत शिजतो. चूल फक्त भाकरीपुरती. बाजाराला चालत जाते.

तुझ्या पहिलीच्या पुस्तकावर मी अक्षरं शिकले आणि तुझ्या वसतिगृहाला पत्रं लिहून लिहून हात बसला, म्हणून एवढं लिहिता येतं. पण मी हे जगासाठी करते असं तुझ्या कागदात लिहू नकोस.

शांतामावशी

*

पुणे
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हैस बाहेर आली ह्या वाक्यानंतर मला पुढं वाचता येईना, शेजारच्या बाईंनी पुरं केलं. "जगासाठी करते असं लिहू नकोस" हे तुझं वाक्य तर सगळ्यांना फार आवडलं. तू अशीच आहेस. केलेलं सांगायचं नाही.

काकांच्या जाण्यातून तू केवढं चांगलं उभं केलंस, हे तुला तरी माहीत आहे का? आम्ही इथं लोकांना हेच समजावतो की हवा तापतेय, पाऊस वेळेवर राहिला नाही, आणि एकट्या माणसाच्या हातात रोजची एक छोटी गोष्ट असते. तुझ्या हातात तर पाच-सहा आहेत. तुझं पत्र छापून आम्ही शंभर गावांना वाटणार आहोत.

आता कामाचं. तुमच्या गावाला आमच्या संस्थेकडून पाचट बारीक करायचं कुट्टी यंत्र मिळणार आहे. ट्रॅक्टरला मागं जोडायचं. ते महिलांच्या गटाकडं राहील आणि नंबराची वही तुझ्याकडं असावी असं मी सुचवलंय. ऊस ज्या तारखेला तुटेल त्या क्रमानं नंबर द्यायचा. गावाच्या समितीचे अध्यक्ष म्हणून शिवपुत्रकाकांनी सही केली आहे. त्यांनी सभेत शपथ वाचली, "मी पाचट जाळत नाही आणि कुणाला जाळू देणार नाही." तुला त्यांच्याबरोबर काम करावं लागेल. अपघाताला तीन वर्षं होत आली. जड जात असेल तर सांग, मी दुसरं कुणी बघते.

तुझी,
रंजू

*

बेंबळी
१८ जानेवारी २०२६

चि. रंजू,

वही मी घेतली. जड जात नाही.

यंत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी आलं. अण्णाराव मामंजींच्या ट्रॅक्टरला जोडतो. पहिल्या दिवशी बघायला अर्धं गाव आलं. शिवपुत्र भावजी पांढरी टोपी घालून पुढं उभे. त्यांनीच नारळ फोडला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, आमचा ऊस फेब्रुवारीत तुटंल. आमचं नाव लिवून ठेवा की वरच्या अंगाला."

मी म्हणाले, "तुमी अध्यक्ष. तुमाला काय घाई, भावजी?"

"घाई न्हाय वो. बुडख्यांवर खोडवा धरायचाय. पाचट निघाल्याबिगर पाणी कसं देऊ?"

"तुमच्या शेतावरनं तारा गेल्यात की. त्या करतील तुमचं काम."

बायका हसल्या. त्यांना वाटलं वहिनी-दिराची थट्टा आहे. भावजी हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली.

आजवर सात जणांचं पाचट झालंय. कुट्टीनं ओल टिकते हे तुझं म्हणणं खरं दिसतंय, कुट्टी झालेल्या सरीत हात घातला तर खाली चार दिवसांनीसुद्धा ओल लागते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. समितीतल्याच कुणी पाचट पेटवलं तर तुमच्याकडं काय करतात? आणि तू मागं म्हणाली होतीस की वर आभाळात यंत्र फिरतं आणि त्याला आग दिसते. ते खरं का? त्याला किती वेळात दिसते?

शांतामावशी

*

पुणे
२४ जानेवारी २०२६

प्रिय मावशी,

तुझे प्रश्न वाचून इतकं बरं वाटलं. गावोगावचे लोक विचारतात की बक्षीस काय मिळणार. तू विचारतेस की नियम कसा पाळला जाणार.

उपग्रह दिवसातून काही वेळा वरून जातो. मोठी आग असली की काही तासांत आमच्या फोनवर लाल ठिपका येतो. समितीतल्या माणसानं पेटवलं तर त्याचं नाव ग्रामसभेत वाचून कमी करतात आणि गाव आमच्या मदतीच्या यंदाच्या यादीतून बाहेर पडतं. पण तुमच्या गावात असं होणार नाही. दोन मार्चला जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. तेव्हा शिवपुत्रकाकांचा आणि तुझा सत्कार एकाच मांडवात आहे. मीही येणार आहे.

थंडी आहे, सकाळी पाणी घालताना डोक्याला बांधत जा.

रंजू

*

बेंबळी
१२ फेब्रुवारी २०२६

चि. रंजू,

काल तुझ्या काकांना तीन वर्षं झाली. विधीला जंगम बोलावले, पाच जणांना जेवण घातलं, आणि संध्याकाळी वही काढून बसले. तुला आता खरं लिहिते. तू दोन पत्रं मला चांगली म्हणालीस आणि मी गप्प राहिले. आता गप्प राहिले तर ते खोटं बोलल्यासारखं होईल.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. सकाळी अकराला वरच्या तारांत वीजच नव्हती. ठिणगी कुठून पडेल? मी हे पंचांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमचं डोकं आता ठिकाणावर न्हाय." कागदावर तारा आल्या त्या आल्या.

त्या साली तोडणीची टोळी दुसऱ्या शिवारात अडकली होती आणि शिवपुत्रचा ऊस वाळत उभा होता. जळका ऊस कारखाना आधी उचलतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यानं काडी लावली. दुसऱ्या दिवशी टोळी आली. तुझे काका सोलापुरात खाटेवर होते तेव्हा त्याच्या उसाला कोयता लागलेला होता. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन आलो तर रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी लागली. त्याचीच. आम्ही तिला जागा दिली.

आता झाडांचं. शिवपुत्रचं शेत उगवतीला आहे. बांधावरच्या झाडांची दुपारनंतरची सगळी सावली त्याच्या सऱ्यांवर पडते. म्हणून मी बांधाची कड धरून चौदा रोपं लावली. सावलीत ऊस येत नाही. आणखी पाच वर्षांनी त्याच्या दोन सऱ्या जातील, दहा वर्षांनी चार. मी अंघोळीचं पाणी घालते ते ह्यासाठी. रोज घालताना मोजते.

त्याचा ऊस आठ तारखेला तुटला. वहीत राहिलेल्यांत त्याचा नंबर चौथा होता. मी सातवा केला, मग अकरावा केला. तो विचारतो, मी सांगते की ट्रॅक्टर नीट नाही, पातं बोथट झालंय. काल म्हणाला, "वहिनी, खोडवा वाळायलाय. आणखी हप्ताभर बघतो." मी म्हणाले, "बघा की." हप्ताभरानं तो पेटवणार. पेटवलं की तुझ्या फोनवर ठिपका येईल, ग्रामसभेत त्याचं नाव वाचलं जाईल, आणि ज्यानं शपथ वाचली त्यानंच काडी लावली हे साऱ्या गावाला दिसेल. मग तीन वर्षांमागचंही दिसेल.

मी रोज सकाळी झाडांना पाणी घालते आणि रोज संध्याकाळी त्याचं नाव खाली ढकलते. तुझ्या कागदात दोन्ही लिही.

शांतामावशी

*

पुणे
१७ फेब्रुवारी २०२६

मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं नाही. घरी आणून तीनदा वाचलं.

शंभर गावांत तुझं पहिलं पत्र पोचलंय. परवा एका बाईंनी फोन करून सांगितलं की ते ऐकून त्यांच्या सासऱ्यांनी पाचट जाळायचं थांबवलं. मी त्यांना काय सांगू?

मला तुझा राग आलाय आणि शिवपुत्रकाकांचा त्याहून जास्त आलाय. अपघात, अपघात असं मीच तुला लिहीत राहिले, त्याचा स्वतःवरही आलाय. पण तुझा हिशेब चुकतो आहे. तो ठिपका एवढा मोठा असतो की त्यात तुमचं दोघांचं शेत आणि वरचा ओढा सगळं मावतं. कुणाच्या शेतात पेटलं हे तो सांगत नाही. शिवपुत्रकाका म्हणतील की आग शांताक्काच्या बांधावरून आली. म्हणतील की हिनं मुद्दाम माझा नंबर मागं ठेवला, ही वही बघा. आणि वही तुझ्याच अक्षरात आहे. त्यांनी एकदा तारांवर घातलं. आता तुझ्यावर घालतील.

दुसरं. पाचट पेटवताना बांधावर ओलं पोतं घेऊन कुणीतरी उभं राहतं. ते कोण असेल, ह्याचा तू विचार केलास का? आणि वारा कुठल्या बाजूचा असेल, तो तू वहीत लिहिणार आहेस का?

एक फोन केला तर वही तुझ्याकडून काढता येईल. मी केलेला नाही. हे चुकीचं आहे हे मला कळतं. बावीस तारखेपर्यंत थांबते. तुला त्याच्याकडून नक्की काय पाहिजे ते एकदा स्वतःला विचार. त्याचं नाव ग्रामसभेत वाचलं जावं हेच पाहिजे का?

रंजू

*

बेंबळी
२४ फेब्रुवारी २०२६

चि. रंजू,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. वाचून मी ते कणगीवर ठेवलं आणि दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. ठिपक्याचं तू लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं आभाळातनं बांधसुद्धा दिसत असतील.

रविवारी दुपारी सिद्धम्मा आली. शिवपुत्रची बायको. तीन वर्षांत ती माझ्या दारात आली नव्हती. उन्हाची आली आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"अक्का, नंबर द्या."

"ट्रॅक्टर नीट न्हाय."

"ट्रॅक्टर नीट हाय. सकाळी म्या त्याच्यामागनंच आले." मग म्हणाली, "ते उद्या पेटवणार हायत. मला म्हणतेत, तू बांधावर पोतं घिऊन उभी ऱ्हा. मागच्या टायमालाबी मलाच उभी केली हुती."

मी पाणी प्यायला तांब्या उचलला होता तो तसाच हातात राहिला. मागच्या टायमाला. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, "तू हुतीस?"

"हुते. पोतं वाळून गेलं, मी पळाले. तुमचे मालक गोठ्याकडं पळाले, मी घराकडं." ती रडली नाही. "म्या आता न्हाय उभी ऱ्हाणार. त्यास्नी सांगितलं, पेटवायचं तर सोता उभं ऱ्हावा. तर मला मारलं." तिनं पदर बाजूला करून दंड दाखवला.

रंजू, तू विचारलं होतंस बांधावर कोण असेल. ते मला दारातच कळलं. तिच्यासाठी मला वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही. पहिल्यांदा रागच आला. तीन वर्षं ती विहिरीवर माझ्यासमोर पाणी भरत होती. पण तिनं पुन्हा त्या बांधावर उभं राहावं असंही मला वाटलं नाही. मी म्हणाले, "त्यास्नी पाठव. अण्णाराव मामंजीस्नीबी घिऊन यायला सांग. नंबर त्यांच्याच हातानं देते."

संध्याकाळी दोघं आले. अण्णाराव मामंजी आमच्या भावकीतले मोठे. त्यांच्यासमोर मी वही उघडली, पेन शिवपुत्रपुढं ठेवलं आणि म्हणाले, "उद्याचा पयला नंबर तुमचा. त्या दिवशी तारांत लाईट नव्हती आणि काडी तुमी लावली, एवढं लिवा. खाली सही करा. मामंजी साक्षीला सही करतील."

शिवपुत्र म्हणाला, "वहिनी, सगळेच पेटवत हुते. टोळी येत नव्हती. म्या काय मुद्दाम केलं व्हय?"

"मुद्दाम केलं असं म्या म्हणतच न्हाय. केलं तेवढं लिवा."

"आन् न लिवलं तर?"

"तर पेटवा. पोतं घिऊन तुमीच उभं ऱ्हावा. सिद्धम्मा न्हाय ऱ्हाणार. गावात दुसरंबी कोण ऱ्हाणार न्हाय, म्या सांगून ठेवते. दोन तारखेला सायेब यायलेत. जळल्या रानात मांडव टाका."

मामंजी म्हणाले, "लिव की, शिवपुत्र. भावकीतली गोष्ट हाय. घरातल्या घरात मिटू दे."

त्यानं लिहिलं. अक्षर बरं आहे त्याचं, सातवीपर्यंत शिकलाय. लिहिता लिहिता थांबला आणि खाली बघूनच म्हणाला, "म्या त्याला हाक मारली हुती. सिद्राम, मागं सर म्हणून लई वरडलो. वारा फिरला हुता. त्याला ऐकू गेलं न्हाय."

हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्या काकांच्या नावानं कुणी शेवटची हाक मारली ते मला तीन वर्षांनी, त्याच्याच तोंडून कळलं. मला त्या क्षणी उठून आत जावंसं वाटलं. गेले नाही. म्हणाले, "सही ऱ्हायली."

त्यानं सही केली. मामंजींनी केली. तारीख मी घातली.

मग मामंजी भिंतीला टेकले, पाय पसरले आणि म्हणाले, "शांते, गूळ-पाणी आण. तोंड गोड करू, मिटवून टाकू." आमच्या भावकीत असंच आहे. चूक कबूल केली, त्या घरचा गूळ खाल्ला, की तो विषय पुन्हा कुणी काढत नाही. बांधाची भांडणं अशीच मिटतात. शिवपुत्रनं हातसुद्धा पुढं केला.

मी म्हणाले, "गूळ संपलाय, मामंजी."

घरात दोन ढेपा होत्या. मामंजींना दिसत होत्या, कणगीच्या शेजारीच. ते माझ्याकडं बघत राहिले. शिवपुत्रला दिसल्या नाहीत, किंवा दिसल्या तरी त्याला वाटलं असेल की बाईमाणूस आहे, रडू येत असेल, उद्या-परवा देईल. तो म्हणाला, "असू द्या वहिनी. गुळाचं काय, मनातनं मिटल्यावर." आणि आपल्याच हातानं माठातलं पाणी घेऊन प्यायला. जाताना माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला नाही, पायही मागं घेतला नाही.

तू विचारलं होतंस मला काय पाहिजे. मला त्याचं नाव ग्रामसभेत नको होतं. ग्रामसभेत नाव वाचतात, चहा पितात आणि घरी जातात. मला पंचनाम्यातल्या तारा खोडायच्या होत्या. तुझं पत्र आलं नसतं तर मी पेटू दिलं असतं आणि तारांच्या जागी माझं नाव लागलं असतं. एवढ्यासाठी तुझे उपकार मानते. बाकी तू माझ्यावर रागाव, तो तुझा हक्क आहे.

सत्काराला माझं नाव ठेवू नकोस. माझं पत्र मात्र वाटत राहा, त्या बाईंच्या सासऱ्यांचं काही वाईट झालं नाही. झाडांना मी पाणी घालणार आहे. सावली पडेल तिकडं पडेल.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सात वाजता मी ट्रॅक्टर शिवपुत्रच्या शेतात लावून दिला. दोन सऱ्यांची कुट्टी होईपर्यंत बांधावर उभी राहिले. पातं चांगलं चालत होतं. मग घरी येऊन हातपाय धुतले, वही पिशवीत घातली, साडेनऊच्या एसटीनं धाराशिवला गेले आणि ते पान पोलिसांच्या हातात देऊन त्याची पोच घेतली.

शांतामावशी